रंग चढलेला की चढवलेला? मॉर्गन डॉलरवरची झाक आणि त्याखालची ग्रेड

दिवाळीच्या आधी चांदीची भांडी काढून लख्ख घासायची, ही आपल्या घरांतली रीत. चांदी काळवंडली म्हणजे मळली, एवढाच आपला हिशोब. त्यामुळे अमेरिकेतल्या जुन्या चांदीच्या डॉलरवर निळी-जांभळी झाक असली, तर तो त्याच सालच्या पांढऱ्याशुभ्र डॉलरच्या कितीतरी पट भावाला जातो, हे आपल्या माणसाला चटकन पटत नाही. पटतं तेव्हा तो असा एक डॉलर घेतो, आणि बहुधा फसतो. मीही फसलोय. मोरपंखी रंगाचा डॉलर हौसेनं घेतला आणि जाणकाराला दाखवला, तर त्यानं भिंगसुद्धा न काढता परत दिला.

मॉर्गन डॉलर म्हणजे १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ साली पाडलेलं, २६.७३ ग्रॅमचं, नव्वद टक्के चांदीचं नाणं. त्यावरची झाक म्हणजे चांदी आणि गंधक यांच्या संयोगातून आलेला पापुद्रा. तो केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतका असतो, म्हणून डबक्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे रंग दाखवतो. कापडातलं, पुठ्ठ्यातलं, हवेतलं गंधक ते काम पन्नास वर्षांत करतं. भट्टीची धग किंवा गंधकाचं द्रावण तेच काम एका दुपारी उरकतं. पापुद्रा दोन्हीकडे तोच. त्यामुळे ‘यात खोटं काय रसायन आहे’ असं विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं ते असं, की हा रंग इथे आला कसा?

या डॉलरना रंग चढायला सवड भरपूर मिळाली. १८७८च्या ब्लँड-ॲलिसन कायद्यामुळे सरकारला दरमहा चांदी विकत घेऊन डॉलर पाडावेच लागत. लोकांना ते खिशात जड वाटत. मग हजार-हजार डॉलरच्या कापडी थैल्या शिवून सरकारी तिजोऱ्यांत रचल्या गेल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच १९६०च्या दशकापर्यंत तिथेच पडून होत्या. (सगळ्या नव्हे. १९१८च्या पिटमन कायद्याखाली २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले, आणि त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनच्या मार्फत हिंदुस्थानात रुपये पाडायला आली. आजीच्या पेटीतल्या पंचम जॉर्जच्या रुपयात एखाद्या मॉर्गनचा अंश असायचाही.)

थैलीत कडेला असलेल्या नाण्याची एकच बाजू कापडाला टेकायची. तिच्यावरही दुसरं नाणं अर्धवट चढलेलं असेल, तर झाकलेला भाग पांढरा राहायचा आणि उघड्या भागावर चंद्रकोरीसारखा रंग उमटायचा. कधी कापडाची वीणही उमटते, बारीक जाळीसारखी. माझ्याकडे १८८१चा, सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीतला एक डॉलर आहे. त्याच्या डाव्या कडेला गडद निळा, मग जांभळा, मग किरमिजी, मग सोनेरी, आणि लिबर्टीच्या, म्हणजे नाण्यावर कोरलेल्या स्वातंत्र्यदेवीच्या, गालाशी येईतो स्वच्छ पांढरा. मागची बाजू कोरी. तो कसा पडून होता हे नाणं स्वतःच सांगतं.

हा क्रम ध्यानात ठेवा. पापुद्रा जाड होत जातो तसा रंग सोनेरीतून तांबूस, किरमिजी, जांभळा, निळा असा सरकतो. मग फिकट आकाशी होतो आणि तिथून दुसरी फेरी सुरू होते, त्यात पुन्हा पिवळा, किरमिजी आणि मग हिरवा. हिरवा पहिल्या फेरीत येत नाही. तेव्हा हलक्या सोनेरीला चिकटून एकदम झळझळीत हिरवा दिसला, तर मधले रंग गेले कुठे? माझ्या मोरपंखी डॉलरचं बिंग तिथेच फुटलं होतं. शिवाय तो दोन्ही बाजूंनी सारखाच रंगलेला होता, आणि रंग अक्षरांवरून, ताऱ्यांवरून कशाचीही पर्वा न करता ओघळत गेला होता. जुन्या रंगाचं तसं नसतं. अक्षरांच्या आणि ताऱ्यांच्या अगदी पायथ्याशी त्याची बारीक, उजळ किनार बऱ्याचदा सुटलेली असते. भिंगातून आधी ती शोधावी.

दुसरी खूण तेजाची. चांगलं नाणं एकाच दिव्याखाली हळूहळू कलतं केलं, की चाकाच्या आऱ्यांसारख्या उजेडाच्या रेघा फिरतात. खरा रंग या तेजाच्या अंगानं येतो, म्हणून कललं की धूपछाव पैठणीसारखा पालटतो. चढवलेला रंग पुष्कळदा तेजावर साय धरल्यासारखा मख्ख बसतो. पण ही खूण एकटी पुरत नाही. झळाळणारे बनावट रंगही मी पाहिलेत.

आता ग्रेड, म्हणजे नाणं किती राखलेलं आहे याचा आकडा, आणि इथे जाणतेही घसरतात. १९४९ साली विल्यम शेल्डननं मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७०ची मोजपट्टी काढली, तीच पुढे सगळ्या नाण्यांना लागली. ६० आणि त्यावर म्हणजे न वापरलेलं नाणं, ५८ म्हणजे जेमतेम हाताळलेलं. रंग खरा की खोटा हा एक प्रश्न, ग्रेड हा दुसरा. पीसीजीएस, एनजीसीसारख्या नाणी पारखून ग्रेड देणाऱ्या संस्थांना रंग संशयास्पद वाटला तर त्या सहसा आकडा देतच नाहीत. पण रंग खरा ठरला म्हणून आकडा वाढायला नको. वाढतो, हे माझं मत. देखणा रंग पाहून परीक्षकाचा हातही सैल होतो.

गडद रंगाखाली काय काय लपतं! गालावरचे थैलीतले टोचे, कुणीतरी घासल्याचे केसासारखे बारीक ओरखडे, कानावरच्या केसांची घासट. म्हणून मी गालापासून सुरू करतो. मॉर्गनवर तीच सर्वांत मोठी उघडी जागा.

कानावरचे केस सपाट दिसले, तर ते झिजलेत की मुळात नीट उठलेच नाहीत? १८९२चे न्यू ऑर्लीन्सचे डॉलर या बाबतीत बदनाम आहेत. लिबर्टीच्या कानावरचे केस आणि मागच्या गरुडाची छाती नाण्यात एकमेकांच्या पाठीला पाठ लावून असतात. साचे दाबताना धातू कमी पडला, की दोन्ही एकदम सपाट राहतात. तिथे तेज कायम असेल आणि छापण्याआधीच्या कोऱ्या चकतीचा खरखरीतपणा दिसत असेल, तर छापच कच्ची. तिथे गुळगुळीत, करडा डाग असेल आणि फिरणाऱ्या आऱ्या नेमक्या त्या जागी तुटत असतील, तर ती झीज. रंगीत नाण्यावर ही झीज आणखी एका रीतीनं उघडी पडते. आजूबाजूला निळा-जांभळा असतो, आणि नेमका उंचवट्यावर मातकट तपकिरी ठिपका.