एका अक्षराचा फरक: ओकेटी४ आणि ओकेटी४ए

प्रतिपिंडाच्या कुपीवर ‘अँटी-सीडी४’ असे छापलेले दिसले की फ्लो सायटोमेट्रीसाठी (चमकणारी प्रतिपिंडे लावून पेशी एकेक करून मोजण्याच्या तंत्रासाठी) तेवढे पुरेसे आहे, असे वाटते. पण त्याखाली बारीक अक्षरांत दिलेले क्लोनचे (ते प्रतिपिंड बनवणाऱ्या एकाच पेशीच्या वंशाचे) नाव अनेकदा अधिक मोलाचे असते. ओकेटी४ आणि ओकेटी४ए ही दोन्ही मोनोक्लोनल प्रतिपिंडे मदतनीस टी पेशींवरील सीडी४ या ग्राही प्रथिनालाच चिकटतात, म्हणून ‘ए’ म्हणजे पहिल्याचीच सुधारित आवृत्ती असावी असा समज होतो. तो चुकीचा आहे. हे दोन स्वतंत्र क्लोन आहेत आणि सीडी४ वर ते वेगवेगळ्या जागी बसतात.

पेशीबाहेर डोकावणारा सीडी४ चा भाग चार घटकांची साखळी आहे: टोकाचा डी१, मग डी२, डी३ आणि पटलालगतचा डी४. ओकेटी४ए डी१ वर बसते, तर ओकेटी४ डी३ वर. एचआयव्हीचे जीपी१२० हे प्रथिनही डी१ लाच धरते; त्यामुळे ओकेटी४ए विषाणूची वाट अडवते आणि ओकेटी४ अडवत नाही. याच कारणाने जीपी१२० आधीच चिकटलेल्या पेशींवर ओकेटी४ए चा प्रकाश मंदावतो, पण ओकेटी४ सीडी४ असल्याचे दाखवत राहते. सीडी४ रिकामा आहे की व्यापलेला, हे पाहायचे असेल तर या दोघांची जोडीच उपयोगी पडते, एकट्या कुणाची नाही.

उलटी अडचण ओकेटी४ ची आहे आणि निदानात तीच जास्त गोंधळात टाकते. काही निरोगी माणसांमध्ये, विशेषतः आफ्रिकी वंशाच्या आणि काही जपानी व्यक्तींमध्ये, सीडी४ च्या २४० व्या स्थानी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असते. हे स्थान डी३ मध्ये येते. तेवढ्या एका बदलाने ओकेटी४ ची पकड सुटते, प्रथिन मात्र पेशीवर जागच्या जागी असते. दोन्ही जनुक-प्रती अशा असल्या तर आलेखावर सीडी३ चा (सर्व टी पेशींवरच्या खुणेचा) पुंजका ठळक दिसतो, सीडी८ चाही (मारक टी पेशींवरच्या खुणेचाही) दिसतो, आणि सीडी४ चा चौकोन जवळजवळ रिकामा राहतो. समजा सीडी३ ७० टक्के आहे, सीडी८ ३० टक्के आणि सीडी४ शून्य. तर उरलेल्या ४० टक्के टी पेशी गेल्या कुठे, हा प्रश्न अहवालावर सही करण्यापूर्वीच पडायला हवा. त्याच रक्ताची दुसरी नळी ओकेटी४ए किंवा डी१ ओळखणाऱ्या अन्य क्लोनने रंगवली की हरवलेल्या पेशी परत हजर होतात.

एकच प्रत बदललेली असेल तर प्रकरण अधिक फसवे होते, कारण तेव्हा पुंजका नाहीसा होत नाही, त्याची चमक सुमारे निम्म्यावर येते, आणि गेट (कोणत्या पेशी मोजायच्या ते ठरवणारी आलेखावरची सीमा) थोडे वर ओढलेले असले की त्यातल्या कित्येक पेशी मोजणीतून निसटतात.