पोस्टातली हरवलेली म्यूरल्स आणि 'डब्ल्यूपीए' नावाचा घोळ

अमेरिकेतल्या जुन्या पोस्टातलं एखादं म्यूरल, म्हणजे भिंतीवरचं मोठं चित्र, गायब आहे असं कळलं की लोक आधी 'डब्ल्यूपीए' (वर्क्स प्रोग्रेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, मंदीच्या काळात बेकारांना काम देणारी सरकारी संस्था) टाकून शोधतात आणि तिथेच फसतात. कारण पोस्टातली बहुतेक चित्रं डब्ल्यूपीएची नाहीतच! डब्ल्यूपीएचा कलाप्रकल्प १९३५ चा, बेकार कलाकारांना पगार देऊन कामाला लावणारा. पोस्टातल्या चित्रांचं काम बघायचा ट्रेझरी म्हणजे अर्थखात्याचा वेगळा विभाग, १९३४ ते १९४३. तिथे कलाकाराला पैशाची गरज किती ते बघत नसत, बरीच कामं नाव झाकून पाठवलेल्या स्केचेसच्या स्पर्धेतून दिली जायची आणि पैसा इमारतीच्या बजेटमधला साधारण १ टक्का. त्यात ट्रेझरीचाच अजून एक छोटा प्रकल्प डब्ल्यूपीएच्या पैशावर चालायचा, म्हणजे गुंता अजून वाढला.

हा नुसता शब्दाचा कीस नाहीये. राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूपीएचे कागद रेकॉर्ड ग्रुप ६९ मध्ये आणि ट्रेझरीचे १२१ मध्ये, चुकीचं दप्तर उघडलंत तर महिनोन् महिने हाती काही लागत नाही. आणि १२१ मध्ये खरा खजिना आहे, कलाकाराला पैसे तीन हप्त्यांत मिळायचे, आधी स्केच, मग पूर्ण मापाचं रेखाटन, मग भिंतीवर लागलेलं चित्र, त्यामुळे प्रत्येक टप्प्याची पत्रं आणि ब्लॅक अँड व्हाइट फोटो साठत गेले.

चित्रं बहुतेक कॅनव्हासवर, स्टुडिओत रंगवून आणलेली, आणि लॉबीत पोस्टमास्तरच्या दाराच्या वर शिशाच्या सफेद्याने चिकटवलेली. म्हणून तर आशा वाटते. प्लास्टरवरचं चित्र भिंतीबरोबर जातं, कॅनव्हास मात्र सोलून, गुंडाळून कुठेतरी ठेवलेला असू शकतो. अर्थात बऱ्याच ठिकाणी नूतनीकरणात सरळ रंगच फासला, आणि हे मला अक्षम्य वाटतं.

१९७१ मध्ये पोस्ट सरकारी खात्यातून बाहेर पडून स्वतंत्र संस्था झालं, तेव्हापासून मालकी कोणाची हा प्रश्न आहेच. इमारत विकली तरी चित्र पोस्टाचंच राहतं असं धोरण, पण दार नव्या मालकाच्या हातात. कॅलिफोर्नियातल्या वेनिसचं पोस्ट २०१२ मध्ये विकलं गेलं, न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सचं २०१४ मध्ये. अशा विक्रीनंतर चित्र भिंतीवर असूनही बघायला मिळत नाही, म्हणून आता शोधणारे विक्रीला निघालेल्या पोस्टांत आधी जाऊन फोटो काढून ठेवतात.