हेंज की हिलफोर्ट? खडूच्या टेकड्यांवरचा बांध आणि चर कसा वाचायचा

लंडनहून पश्चिमेकडे स्विंडनच्या बाजूला गेलं की मार्लबरो डाउन्स सुरू होतात. नावात 'डाउन' असलं तरी हे डोंगरमाथे आहेत. जुन्या इंग्रजीत 'डून' म्हणजे टेकडीच. खाली खडूचा पांढरा खडक, वर वीतभर माती आणि मेंढ्यांनी खुरटं ठेवलेलं गवत. मधेच जमिनीवर शेकडो पावलांच्या घेराचं मातीचं कडं दिसतं: एक बांध, त्याला लागून एक चर. गडकिल्ल्यांवर हिंडलेल्या मराठी माणसाच्या तोंडून पहिला शब्द निघतो, 'किल्ला'. पुष्कळदा तो बरोबरही असतो. पण अशी काही कडी किल्ले नव्हती, आणि ती किल्ल्यांपेक्षा जवळजवळ दोन हजार वर्षांनी जुनी आहेत.

या दुसऱ्या प्रकाराला हेंज म्हणतात. हेंज नवाश्मयुगाच्या अखेरीचे, साधारण इ.स.पू. ३००० ते २००० या काळातले. किल्ले, म्हणजे हिलफोर्ट, मुख्यतः लोहयुगातले: इ.स.पू. ८०० च्या सुमारापासून इ.स. ४३ मध्ये रोमन फौजा उतरेपर्यंत. दोन्ही खडू खोदून केलेले, दोन्हींवर आज सारखंच गवत, म्हणून घोटाळा होतो.

आधी चर कुठे आहे ते बघा

बांधावर उभं राहा आणि चर कोणत्या अंगाला आहे ते पाहा. बांधाच्या बाहेर चर असेल, तर ती तटबंदी. चाल करून येणाऱ्याने आधी खंदकात उतरायचं, मग वरच्या माणसांच्या नजरेसमोर तट चढायचा. आपल्या भुईकोटांचा खंदकही याच हिशेबाने बाहेर असतो. चर बांधाच्या आत असेल, तर तो बहुधा हेंज. अशा जागी बचाव करणाऱ्याच्याच पायाशी खड्डा येतो आणि बाहेरच्याला फुकटचा उंचवटा मिळतो. लढाईसाठी अशी रचना कोणी करणार नाही. हेंजचा बांध आतली जागा बाहेरच्या जगापासून वेगळी काढतो. तिथे जमणं होतं, विधी होते. नेमके कोणते, हे खोदकामातून अर्धवटच कळतं.

या नियमाला सगळ्यात मोठा अपवाद स्टोनहेंजचाच. पुरातत्त्वज्ञ थॉमस केंड्रिक यांनी १९३२ मध्ये 'हेंज' हा शब्द या प्रकारच्या वास्तूंसाठी स्टोनहेंजवरूनच घेतला, पण स्टोनहेंजचा चर मुख्य बांधाच्या बाहेर आहे. सुमारे ११० मीटर व्यासाचं ते कडं इ.स.पू. ३००० च्या आसपासचं. तेव्हा स्टोनहेंज पाहून हेंज ओळखायला शिकू नका. शिकायचं तर मार्लबरो डाउन्सच्या पायथ्याच्या एव्हबरी गावातल्या हेंजला शिका.

एव्हबरीचा चर

एव्हबरीचा बांध सुमारे सव्वा किलोमीटर फिरतो, आणि त्याच्या आत अर्धं गाव आणि एक हमरस्ता मावतो. हॅरॉल्ड सेंट जॉर्ज ग्रे यांनी १९०८ ते १९२२ दरम्यान इथला चर तळापर्यंत खोदला, तेव्हा तो मुळात ७ ते १० मीटर खोल होता असं दिसलं. खोदणाऱ्यांची हत्यारं तळाशीच सापडली: लाल हरणाच्या शिंगांच्या कुदळी. त्या काळी इथे धातू नव्हता. शिंगाचं टोक खडूच्या भेगेत घालायचं, तरफेसारखं दाबायचं, ढेप निघाली की वर वाहून टाकायची. खडू थरांनी आणि भेगांनी फुटतो म्हणून हे जमलं. दख्खनच्या काळ्या कातळात असा चर शिंगाने खणता आला नसता.

आज चर पाहताना ही खोली दिसत नाही, आणि पहिल्यांदा येणारे इथेच फसतात. उतार पाहून वाटतं, चर असाच उथळ, गोलसर खणला असावा. खरं तर कडा जवळजवळ उभ्या होत्या आणि तळ रुंद, सपाट. उलट हिलफोर्टचा चर खाली निमुळता, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा. शतकानुशतकं गाळ भरल्यावर दोन्ही सारखेच वाटोळे दिसू लागतात. म्हणून चराच्या आजच्या आकारावरून निकाल देऊ नका.

हे भरणं किती लवकर होतं, तेही मोजलेलं आहे. एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन डाउनवर १९६० मध्ये अभ्यासकांनी मुद्दाम एक नवा बांध आणि चर तयार केला. २, ४, ८, १६, ३२, ६४ आणि १२८ वर्षांनी त्याचा एकेक भाग कापून पाहायचा, अशी योजना. सुरुवातीच्या छेदांत दिसलं की चराच्या उघड्या कडा पहिल्या काही हिवाळ्यांतच ढासळतात: भेगांत पाणी शिरतं, गोठून फुगतं, खडूचे तुकडे सुटून तळाशी साचतात. मग त्यावर गवत धरतं आणि वेग एकदम मंदावतो. म्हणजे चराची मूळ धार बांधणाऱ्यांच्या हयातीतच गेली असणार. कामाचं वेळापत्रक नातवंडांच्या नातवंडांसाठी आखणारा असा प्रयोग फार थोड्या शास्त्रांत सापडेल.

हिलफोर्टचा तट

हिलफोर्टचा आजचा तट हा मातीचा उतरता ढिगारा वाटतो. पण अनेक ठिकाणी पहिली तटबंदी वेगळी होती: पुढे लाकडी खांबांची उभी फळी, कधी मागेही खांबांची रांग, आणि मधे खडूचा भराव. खांबांची बुडं दमट खडूत कुजली की भरावाच्या वजनाने फळी पुढे झुकायची. पुढच्या पिढ्यांनी लाकूड सोडून दिलं आणि चराच्या तळापासून तटाच्या माथ्यापर्यंत एकच सलग उतार केला. त्यात कुजण्यासारखं काही नाही, आणि पावसात ओल्या खडूवर चढणं म्हणजे साबणावर चढणं.

डॉर्सेटच्या मेडन कासलमध्ये हे सगळं मोठ्या प्रमाणावर दिसतं. आतली जागा १९ हेक्टर, भोवती एकामागे एक तट. दारं मात्र पाहण्यासारखी. वाट तटांच्या मधून वळणं घेत जाते आणि प्रत्येक वळणावर येणाऱ्याची कूस वरच्या माणसाला उघडी पडते. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड ज्या कारणाने लपवला, तेच कारण इथे. पूर्वेकडच्या दाराशी गोफणीच्या गोट्यांचे साठे सापडले, २० हजारांहून जास्त. गोटे चेझिल बीचच्या समुद्रकिनाऱ्यावरून वेचून आणलेले.

इथे १९३४ ते १९३७ दरम्यान मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केलं. पुढे १९४४ मध्ये ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ज्यांच्या हाताखाली महाराष्ट्राच्या उत्खननशास्त्राच्या पिढ्या घडल्या, ते हसमुख सांकळिया लंडनला शिकत असताना याच मेडन कासलच्या उत्खननात काम शिकले. नेवासा आणि जोर्वे इथल्या खोदकामांपर्यंत पोहोचणारा एक धागा असा या खडूतून निघतो. पूर्वेच्या दाराजवळच्या सांगाड्यांवरून व्हीलर यांनी रोमन हल्ल्यात पडलेल्यांची दफनभूमी मांडली होती. नंतरच्या अभ्यासकांनी तो अर्थ तसाच स्वीकारलेला नाही. ठिकाणी गेल्यावर ती गोष्ट ठाम इतिहास म्हणून सांगू नये.

हेंजची दारं साधी असतात. चर खणताना मधे न खणता सोडलेली जमिनीची पट्टी आणि बांधात मोकळी जागा, इतकंच. एव्हबरीला अशी चार. दक्षिणेच्या दारातून उभ्या दगडांची दुहेरी रांग निघते आणि सुमारे अडीच किलोमीटरवरच्या ओव्हर्टन हिलकडे जाते. म्हणजे एक दार थोपवणारं, दुसरं आत घेऊन येणारं.

आत काय सापडतं

हेंजमध्ये दगडांची किंवा लाकडी खांबांची वर्तुळं सापडतात. स्टोनहेंजजवळच्या वुडहेंजची खांबांची वर्तुळं १९२५ मध्ये विमानातून पिकात उठलेल्या ठिपक्यांवरून ओळखली गेली. कुजलेल्या खांबाच्या खड्ड्यात माती खोल असते, तिथे ओल जास्त टिकते आणि पीक गडद दिसतं.

हिलफोर्टमध्ये गोल घरं आणि धान्याची पेवं. हँपशरच्या डेनबरीमध्ये बॅरी कनलिफ यांनी १९६९ ते १९८८ अशी वीस वर्षं खोदून सुमारे २४०० खड्डे नोंदवले. हळदीच्या पेवांसाठी ओळखलं जाणारं सांगलीजवळचं हरिपूर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे खड्डे वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत: तोंड अरुंद, पोट मोठं, वरून चिकणमातीने लिंपलेलं. बट्सर इथल्या प्रायोगिक शेतीवर पीटर रेनॉल्ड्स यांनी असे खड्डे भरून पाहिले. कडेचं धान्य ओल शोषून अंकुरतं, श्वसनात आतला ऑक्सिजन संपवतं, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि उरलेलं धान्य झोपी जातं. वसंतात काढलं तर ते पेरण्याजोगं निघालं. लिंपण तडकून पाणी शिरलं की मात्र सगळं पेव कुजतं.

जागा, नकाशा, नाव

हिलफोर्ट बहुधा माथ्यावर किंवा सोंडेच्या टोकावर, जिथून चारी दिशा दिसतात. त्याचा तट समोच्च रेषेबरोबर वळतो. हेंज बहुतेकदा सखल भागात, पाण्याच्या जवळ. विल्टशरचं डरिंग्टन वॉल्स एव्हन नदीकडे उतरणाऱ्या खोलगटीत आहे, त्याच्या बांधाला कोणीही वरून पाहू शकतं. चर गाळाने भरला असेल आणि बांध नांगराने सपाट केला असेल, तेव्हा ही जागेची खूणच कामाला येते.

नावांवर विसंबू नका. 'कासल' म्हणून बार्बरी कासल किंवा अफिंग्टन कासलला दगडी किल्ला शोधाल, तर निराश व्हाल. ते मातीचे हिलफोर्ट आहेत. 'बरी' म्हणजे तटबंदीची जागा, पण एव्हबरी हेंज आहे. 'वॉल्स' असून डरिंग्टनला भिंत नाही.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा एक्सप्लोरर नकाशा घ्यावा. एव्हबरीसाठी १५७ क्रमांकाचा. रोमनपूर्व अवशेषांची नावं त्यावर जुन्या गॉथिक वळणाच्या अक्षरांत असतात, आणि बांधाचा उतार बारीक रेघांनी दाखवतात: रेघेचं जाड टोक वर, निमुळतं खाली. त्यावरून चर आत की बाहेर हे घरी बसूनच कळतं. जागेवर जायचं तर हिवाळ्यातली सकाळ किंवा संध्याकाळ निवडा, कलत्या उन्हात उथळ चरही सावली टाकतो. दोन्ही प्रकार एका दिवसात पाहायचे तर एव्हबरी पाहून ओव्हर्टन हिलला या आणि रिजवे वाटेने उत्तरेकडे बार्बरी कासल गाठा, ओव्हर्टन हिलपासून साधारण दहा किलोमीटर. ओला खडू फार घसरतो, तळव्याला खाचा असलेले बूट हवेतच.

बांधावरचं गवत

एक गोष्ट दोघांत समान आहे, आणि ती पाहायला खाली बसावं लागतं. डाउन्सचा बराचसा भाग नांगराखाली गेला, पण तटाच्या उतारावर नांगर चालत नाही. म्हणून जुनं खडूगवत अनेकदा या बांधांवरच टिकलं. माती पातळ आणि नापीक, त्यामुळे कोणतंच एक गवत माजत नाही आणि एका चौरस मीटरमध्ये ४० पर्यंत वनस्पती मावतात: तुळशीच्या कुळातला रानथाईम, चुरगळल्यावर काकडीचा वास येणारी सॅलड बर्नेट, पिवळ्या फुलांची हॉर्सशू व्हेच. ॲडोनिस ब्लू आणि चॉकहिल ब्लू या दोन्ही निळ्या फुलपाखरांच्या अळ्या या एकाच व्हेचवर वाढतात. ॲडोनिसला दक्षिणेकडचा तापलेला उतार आणि अगदी आखूड गवत लागतं. तटाचं कडं चारी दिशांना तोंड करून असल्यामुळे शंभर पावलांत हा फरक दिसतो: दक्षिण अंगाला फुलं आणि उघडा खडू, उत्तर अंगाला शेवाळ.

चराई थांबली की काही वर्षांतच काटेरी हॉथॉर्न शिरतं, व्हेच सावलीत मरते आणि मुळं पुरातत्त्वाचे थर फोडतात. मेंढ्या जास्त झाल्या किंवा एकाच पायवाटेवर सगळे चालले, तर गवत फाटून पांढरा खडू उघडा पडतो आणि पाऊस तो वाहून नेतो. म्हणून बांधाच्या ज्या भागावर बंदीचा फलक असेल तिथे चढू नका. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे.

जिथे दोन्ही खुणा एकत्र येतात

सॉल्झबरीजवळचं फिग्सबरी रिंग शेवटी ठेवावं, नियम पाठ झाल्यावर. बाहेरून ते सरळ हिलफोर्ट: माथ्यावर, तट, तटाबाहेर चर. आत गेलं की मोकळ्या मैदानात आणखी एक रुंद चर लागतो, आणि त्याला बांधच नाही. बराच काळ त्याला तटासाठी माती काढल्याची खाण समजलं गेलं. पण तटाच्या पायथ्याशी माती मिळत असताना इतक्या आत येऊन, तीही नीट वर्तुळात, कोण खणेल? हा आधीचा हेंज असावा आणि लोहयुगातल्या लोकांनी त्याच्याभोवती आपला तट घातला असावा, हे मत आम्हाला जास्त पटतं. उन्हाळ्यात त्या आतल्या चराच्या कडेने फिरा. बांध कुठे होता याचा शोध घेताना पायाशी ऑर्किड असतात, तेवढे तुडवू नका.