बॅलेचा आखूड झगा: पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत बॅलेतला झगा पोटरीवरून गुडघ्याच्या वर सरकला. त्याच तीस वर्षांत युरोपातल्या सुखवस्तू घरातली बाई मात्र पायघोळ कपड्यांत आणखीच जखडत गेली. 1876च्या सुमाराचे झगे इतके चिंचोळे होते की आतून गुडघ्यांमागे नाड्या बांधून सगळा घेर मागे ओढून धरत. पाऊल टाकायचं तेही वीतभर. पुढे 1885च्या आसपास कमरेखाली मागच्या बाजूला तारांचा सांगाडा बांधून त्यावर झगा फुगवायची टूम परत आली. रंगमंचावरचा पोशाख फॅशनच्या मागोमाग चालतो असं जे सर्रास लिहिलं जातं, ते त्यामुळे कमरेच्या वरच्या भागापुरतंच खरं आहे. पोलादी पट्ट्यांचा कॉर्सेट, म्हणजे कंबर आवळून धरणारी चोळी, नर्तिका आणि घरातली बाई दोघींनाही सुटलेला नव्हता. कमरेखाली मात्र दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या होत्या.

1832 साली पॅरिसमध्ये ‘ला सिल्फीद’ हा बॅले रंगमंचावर आला, तेव्हापासून पांढरा, घंटेसारखा, पोटरीपर्यंतचा घेर रूढ झाला. कापड तार्लतान, म्हणजे खळ देऊन कडक केलेली विरळ विणीची मलमल. हे कापड घामाने लगेच मऊ पडतं आणि गॅसच्या दिव्याला लागलं तर भडकतं. नोव्हेंबर 1862मध्ये पॅरिस ऑपेरात तालमीच्या वेळी एका तरुण नर्तिकेचा झगा असाच पेटला आणि आठ महिन्यांनी, विशीतच, ती गेली. तुरटीसारख्या क्षारांत कापड भिजवून ते आगीपासून वाचवायची युक्ती तेव्हा माहीत होती, तसा हुकूमही निघालेला होता. पण त्याने कापड ताठर आणि मळकट दिसतं म्हणून तिने लेखी नकार दिला होता.

झगा वर सरकला तो मुख्यतः इटलीमुळे. मिलानच्या शाळेत तयार झालेल्या नर्तिकांचे पाय पोलादी होते, बुटांचं टोक कडक होतं आणि गिरक्या दिसाव्यात अशी त्यांची इच्छा होती. 1885 साली त्यांतली एक सेंट पीटर्सबर्गला आली. तिथल्या शाही रंगभूमीच्या नियमापेक्षा आखूड झगा घालण्याचा हट्ट तिने धरला आणि तो चाललाही. दहा वर्षांनी तिच्याच देशातल्या दुसरीने ‘स्वान लेक’मध्ये एका पायावर सलग 32 गिरक्या घेतल्या. पोटरीपर्यंतच्या घेरात त्यातलं निम्मं कौशल्य झाकलं गेलं असतं. गंमत अशी की याच पीटर्सबर्गमध्ये भूमिका इजिप्तच्या राजकन्येची असो की खेड्यातल्या पोरीची, डोक्यावर त्या वर्षीची केशरचना आणि गळ्यात स्वतःचे हिरे असत. आखूड झग्याशी फॅशनचा संबंध नव्हता, पण मानेच्या वर तिचंच राज्य होतं.

लंडनची गोष्ट वेगळी. तिथे बॅले ऑपेरागृहात नव्हे, लेस्टर स्क्वेअरमधल्या अल्हम्ब्रा आणि एम्पायर या म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे खात-पीत करमणूक बघायच्या थिएटरांत, रुजला. 1894 साली एम्पायरचा परवाना नूतनीकरणासाठी आला, तेव्हा एका समाजसुधारक बाईंनी हरकत घेतली. त्यांच्या तक्रारी दोन होत्या, आणि त्या वेगळ्या करून वाचल्याशिवाय या प्रकरणाचा उलगडा होत नाही. पहिली प्रेक्षागृहातल्या सज्जामागच्या मोकळ्या जागेबद्दल. तिथे दारू मिळे आणि झकपक पोशाखातल्या एकट्या बायका गिऱ्हाईक शोधत फिरत. दुसरी तक्रार नर्तिकांच्या कपड्यांबद्दल. बाईंचा मुद्दा साधारण असा: जे रस्त्यात केलं तर पोलीस धरून नेतील, ते रंगमंचावर का चालवून घ्यायचं?

हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. पण त्याच रात्री त्याच इमारतीत बसलेल्या प्रतिष्ठित स्त्रियांच्या संध्याकाळच्या पोशाखाचे गळे छातीपर्यंत उतरलेले आणि दंड उघडे होते, आणि ते सभ्यच मानलं जाई. नर्तिकेचे पाय तर उघडेही नव्हते. त्यावर घट्ट टाइट्स होते. आक्षेप होता तो टाइट्स कातडीच्या रंगाचे असण्याला आणि पायांचा आकार दिसण्याला. बाईंच्या स्वतःच्या कपड्यांचीही चर्चा झाली. आधी त्या साध्या कपड्यांत गेल्या, तर लोक वळून बघू लागले. म्हणून पुढच्या खेपांना ठेवणीतला संध्याकाळचा पोशाख करून गेल्या. वर्तमानपत्रांनी त्यावरून त्यांची यथेच्छ टर उडवली. खरं तर त्यांच्या बाजूचा सगळ्यात ठोस पुरावा तोच होता: त्या जागेत साध्या कपड्यातली बाईच विसंगत दिसत होती.

लंडन काउंटी कौन्सिल या नगर परिषदेच्या परवाना समितीने ऑक्टोबरमध्ये निकाल दिला, आणि पुढे पूर्ण परिषदेने तो कायम केला: ती मोकळी जागा बंद करा, प्रेक्षागृहात दारू विकू नका. झग्याच्या लांबीबद्दल अट घातली नाही. म्हणजे भांडण उभं राहिलं ते नर्तिकांचे पाय पुढे करून, निकाल लागला तो प्रेक्षकांच्या वागण्यावर. थिएटर काही दिवस बंद ठेवलं गेलं. रोजगार बुडेल म्हणून कामगारांनी ओरड केली, पण कपडा किती असावा याबद्दल तो घालणारीचं मत कोणी गंभीरपणे विचारात घेतलं असं दिसत नाही. 3 नोव्हेंबरला थिएटर पुन्हा उघडलं, तेव्हा दारूची जागा वेगळी करायला नव्याने उभारलेले कापडी आडोसे जमावाने फाडून टाकले. त्यांत सँडहर्स्टच्या लष्करी शाळेतला एक कॅडेट पुढे होता. हाच मुलगा नंतर ब्रिटनचा पंतप्रधान झाला. वर्षभरात अट मागे घेतली गेली.

मग रंगमंचावरून रस्त्यावर गेलं काय? टुटू, म्हणजे बॅलेचा हा आखूड झगा, तर नाहीच. लंडनच्या गेयटी थिएटरमधल्या ‘स्कर्ट डान्स’चे लांब, बारीक चुण्यांचे झगे गेले. बॅलेच्या पायांना हलका कापडी घोळ जोडणारा हा नाच 1890च्या सुमारास उमराव घरांतल्या मुलीही दिवाणखान्यात करू लागल्या. टाइट्सचा प्रश्न तिथे उद्भवतच नव्हता. पॅरिसमध्ये ऑपेराच्या एका नर्तिकेने मधोमध भांग पाडून कान झाकणारी केशरचना केली, तिची छायाचित्रं पोस्टकार्डांवर छापली गेली आणि ती ठेवण उचलली गेली. 1892पासून तिथल्याच फोली बेर्जेर या करमणुकीच्या थिएटरमध्ये एक अमेरिकन नर्तिका काठ्यांवर पेललेला रेशमी घोळ विजेच्या रंगीत झोतांत फिरवू लागली. त्या कपड्याचं पेटंटही तिने 1894 साली अमेरिकेत घेतलं. तिच्या अंगात कॉर्सेट नव्हता.

कॉर्सेटविरोधी चळवळ तशी लंडनमध्ये 1881पासूनच संघटित होती. आतल्या कपड्यांचं एकूण वजन 7 पौंडांहून जास्त नसावं, हा तिचा दंडक. सुमारे 3.2 किलो म्हणजे सवलत, यावरून आधीचं ओझं किती असेल ते बघा. तिची टिंगलच जास्त झाली. फॅशनमधली कंबर ढिली पडायला विसावं शतक उजाडावं लागलं. 1910 साली पॅरिसमध्ये रशियन बॅले मंडळींचं ‘शेहेराझाद’ आलं, तेव्हा तिथल्या फॅशन घरांत फेटे आधीच दिसू लागले होते. कोणी कोणाचं उचललं यावर पॅरिसचा शिंपी आणि बॅले मंडळींचा नेपथ्यकार यांचे समर्थक अजून भांडतात.

त्याच मंडळींतल्या सर्वांत गाजलेल्या नर्तकाने जानेवारी 1911मध्ये पीटर्सबर्गच्या शाही रंगमंचावर ‘जिझेल’ केलं, ते टाइट्सवरची नेहमीची आखूड चड्डी न घालता. राजमाता प्रेक्षकांत होत्या. त्याला नोकरीवरून काढून टाकलं.