कांद्याची निर्यातबंदी: भाव पडतो तो कोणाचा?

१९८० च्या लोकसभा निवडणुकीत कांद्याची महागाई प्रचाराचा मुद्दा झाली. त्याच सुमारास चाकणला शरद जोशी शेतकऱ्यांना घेऊन कांद्याच्या रास्त भावासाठी रस्त्यावर उतरले होते. पुढे १९९८ मध्ये महागलेल्या कांद्याने दिल्ली राज्यातली सत्ता घालवायला हातभार लावला. राज्यकर्त्यांच्या लक्षात राहिली ती दिल्ली.

तेव्हापासून शहरात कांदा कडाडला की पहिला घाव निर्यातीवर पडतो. कधी किमान निर्यात मूल्य, म्हणजे ज्याच्या खाली माल बाहेर विकता येत नाही तो दर, वाढवायचं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ते टनाला ११५० डॉलर केलं, म्हणजे नाव न घेता बंदीच. कधी उघड बंदी: डिसेंबर २०१०, सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२०. यातली २०२० ची विशेष खटकते, कारण त्याच जूनमध्ये वटहुकूम काढून कांद्याला जीवनावश्यक वस्तूंच्या नेहमीच्या निर्बंधांतून मोकळं केलं होतं.

२०२३ मध्ये काय झालं ते नीट पाहावं. १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, तेव्हा केंद्राने २४१० रुपये क्विंटलने आणखी दोन लाख टन खरेदी जाहीर केली. ऑक्टोबरअखेर ८०० डॉलरचं किमान मूल्य आणि ८ डिसेंबरला थेट बंदी. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या कांदा बाजारात महिना संपायच्या आत भाव जवळपास निम्म्यावर आले. डिसेंबर म्हणजे लाल कांद्याच्या आवकेचे दिवस. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये, काही महिने टिकतो. लाल कांदा टिकत नाही, काढला की मिळेल त्या भावाने विकावाच लागतो. बंदी ४ मे २०२४ ला उठली तोवर हा माल कधीच विकून झाला होता.

किरकोळ बाजारात ही घसरण तेवढी पोचत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासानुसार ग्राहकाच्या रुपयातले सुमारे ३६ पैसेच कांदा उत्पादकाला मिळतात. उरलेल्यात वाहतूक, हमाली, बारदान, सडून-वाळून होणारी घट आणि मधल्यांचा नफा असतो. लिलावातला भाव पडला म्हणून गाडीभाडं कमी होत नाही.

बाहेरचं गिऱ्हाईकही दुखावलं. २०१९ ची बंदी आधी कळवायला हवी होती, असं बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत जाहीरपणे बोलल्या. बांगलादेशाने मग पाकिस्तान, तुर्की, इजिप्त, चीनकडून कांदा मागवला. आपल्याकडे शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला पूर्ण उठलं. तेव्हा उन्हाळ कांद्याची काढणी भरात होती आणि भाव आधीच उतरले होते.