आदिवासी मुलगे व पुरुषांवरील लैंगिक अत्याचार : मदत आणि आधार (नाशिक जिल्हा)

अत्याचार झालेल्या आदिवासी मुलाला किंवा पुरुषाला सावरायला जे जे लागतं, म्हणजे दवाखाना, पोलिस, समुपदेशन आणि घरच्यांची साथ, ते सगळं यात आलं. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण, इगतपुरी या पट्ट्यात कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल, कातकरी लोकांची वस्ती मोठी. अत्याचार आदिवासींतच होतो असं अजिबात नाही, केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं आणि त्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. इथे अडचण आहे ती सांगायला कोणी जवळ नसण्याची. पोरगं आश्रमशाळेत, भात-नागली निघाली की आईबाप दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांवर, त्यात 'पोराला काय होतंय' हे ऐकून ऐकून तो गप्पच बसतो. मग शाळेतून पळून येतो, पोट दुखतं म्हणतो, अंथरूण ओलं करतो, आणि घरचे दोन फटके देऊन परत सोडून येतात. पळून आलेल्या पोराला आधी का आलास ते नीट विचारावं, एवढं तरी.

भगताकडे (पाड्यावरच्या वैदू-मांत्रिकाकडे) नेलं म्हणून बिघडत नाही, पण दवाखाना त्यासाठी थांबवू नये, कारण एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. आधी पोलिसांत जाऊन या असं दवाखान्याने सांगायचं नसतं. अत्याचाराच्या वेळी ताठरता येणं किंवा वीर्य जाणं हे आपोआप होतं, ती संमती नव्हे, हे त्याला स्पष्ट सांगावं, बऱ्याच जणांना आतून हेच खात असतं.

कायद्यात १८ वर्षं ही रेघ. त्याच्या आतल्यांसाठी २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा कायदा, त्यात मुलगा-मुलगी भेद नाही, कळूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हा, जबाब घरी घेता येतो, वर्दी घालून यायचं नाही, आणि गरज पडली तर दुभाषाही मिळतो. १८ च्या पुढे मात्र बलात्काराचं कलम फक्त स्त्रियांसाठी. जुन्या दंडसंहितेतलं ३७७ कलम ('अनैसर्गिक' संभोगाचं) सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालानंतरही जबरदस्तीपुरतं उरलं होतं, १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली आणि तेही गेलं, आता मारहाण नाहीतर डांबून ठेवण्याच्या कलमांवर भागवायचं. कायद्याला पडलेलं सरळ सरळ भगदाड आहे हे.

फोनसाठी मुलांना १०९८, मन सावरायला टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६. आश्रमशाळेतली तक्रार आदिवासी विकास विभागाच्या नाशिक किंवा कळवणच्या प्रकल्प कार्यालयातही देता येते, पण पोलिसांऐवजी नाही. आशाताई पाड्यापर्यंत पोचतात खऱ्या, पण मोठा पोरगा बाईमाणसाला हे सांगेलच असं नाही, मग मामा, चुलता, विश्वासातला गुरुजी असं कोणी लागतं. ऐकणाऱ्याने पोराचं बोलणं मध्ये तोडायचं नाही, 'ओरडला का नाहीस' विचारायचं नाही, घरात-पाड्यावर कोणाला कळू द्यायचं ते शक्यतो त्यालाच ठरवू द्यायचं, आणि वय १८ च्या आत असेल तर पोलिसांना कळवावं लागणार हे आधीच सांगून टाकायचं, नाहीतर नंतर त्याला दगा दिल्यासारखं वाटतं.