कर्जात लपलेली मदत: 50 टक्के, 77 की 16?

गरीब देशाला स्वस्तात कर्ज दिलं की त्यात थोडी मदत आपोआप मिसळलेली असते, पण ती वेगळी कुठे लिहून येत नाही, गणित करूनच बाहेर काढावी लागते. समजा 100 डॉलर दिले 20 वर्षांसाठी, दरवर्षी 1 टक्का व्याज आणि मुद्दल शेवटी एकदम. आता 20 वर्षांनी हातात येणारे 100 आजच्या 100 इतके नसतात ना, त्यामुळे 5 टक्के दराने मागे हिशोब करत आलं की सगळी परतफेड मिळून आजचे साधारण 50 डॉलरच भरतात. उरलेले 50 म्हणजे सबसिडी. याला अनुदान-अंश म्हणतात.

खरी गंमत पुढे आहे. तोच हिशोब 10 टक्क्यांनी केला तर सबसिडी होते 77, आणि 2 टक्क्यांनी केला तर जेमतेम 16! कर्ज तेच, मोजपट्टी बदलली. श्रीमंत देशांची संघटना असलेल्या ओईसीडीने कित्येक दशकं 10 टक्केच धरले, आणि अनुदान-अंश 25 टक्के भरला की अख्खं कर्ज गणितापुरतं तरी मदत म्हणून पास. जगात व्याजदर तळाला गेले तरी हे 10 काही हलले नाहीत. मग वरच्यासारखंच पण 6 टक्के व्याजाचं कर्जही पास होतं (करून बघा, 34 येतात), याला मदत म्हणायचं म्हणजे कमालच. 2018 च्या आकड्यांपासून ओईसीडी फक्त अनुदान-अंश मोजते, आणि हिशोबाचा दर कर्ज घेणाऱ्या देशाच्या उत्पन्नानुसार 6 ते 9 टक्के. आयएमएफ आणि वर्ल्ड बँक मात्र 5 धरतात.

वर्ल्ड बँकेतली सबसिडी तर अजून खोल लपलीय. सदस्य देश भांडवलाचा छोटासा भाग रोख देतात, बाकीची नुसती हमी, त्या जोरावर बँक बाजारातून स्वस्तात पैसा उचलते. ही हमी आजवर एकदाही वटवावी लागली नाही म्हणून कुणाच्या बजेटमध्ये खर्च दिसत नाही, पण जोखीम तर सरकारांच्याच डोक्यावर, आणि डिव्हिडंडही नाही.

काही कर्जांना अट असते, माल आमच्याच कंपनीकडून घ्या. असा माल 15 ते 30 टक्के महाग पडतो असं ओईसीडीच सांगते. आता 35 टक्के अनुदान-अंशाचं 100 डॉलरचं कर्ज घ्या आणि माल 30 टक्के महाग धरा: हातात आला 77 चा माल, परतफेड 65 ची, फायदा 12 चा. बाकीचे 23 देणाऱ्या देशातल्याच कंपनीकडे गेले, पण मदतीच्या खात्यात सगळे 35 लागतात.